दोन बोटं बाहेर

भिंतीवर मारलेला बॉल आपल्याकडेच परत येतो, असं आमच्या कोचनी सांगितलं होतं. माझा आला नाही. तो भिंतीच्या वरच्या कडेला लागला, हवेत थोडा विचार केला, आणि बाजूच्या नळाजवळ ठेवलेल्या निळ्या पिशवीवर धप्पकन पडला.

नळावर तोंड धुणारा माणूस दचकला. ओल्या चेहऱ्यानं त्यानं आधी आभाळाकडं पाहिलं, मग माझ्या दिशेला.

"सॉरी!" मी ओरडले. "लागलं का?"

"मला न्हाई. पिशवीला विचारतो." तो खरंच खाली वाकला. "ती म्हणतीया, चालतंय."

सांगलीत, कृष्णेजवळच्या एका टेनिस क्लबच्या मागच्या बाजूला, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ही आमची पहिली भेट. पिशवी खोटं बोलत होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तो पायरीवर बसला. रापलेला रंग, भिजलेल्या पापण्या, आणि काहीही बोलताना चेहऱ्यावर जराही बदल नाही. त्यानं भडंगाचा पुडा उघडला आणि पुड्याचं तोंड माझ्याकडं केलं. अनोळखी माणसाकडून काही खाऊ नये, असं लहानपणी शिकवतात. पण मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि भडंग ताजा होता.

"मॅच झाली?" त्यानं विचारलं.

"झाली म्हणजे… समोरचे गृहस्थ आलेच नाहीत. 'पुढे चाल' मिळाली."

"अभिनंदन."

"कशाचं? कोर्टवर मी रॅकेट पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही."

"मग कवर नवं दिसतंय त्याचं अभिनंदन."

हसू आलं, ते मी शेंगदाण्यासोबत गिळलं. "आणि तुमची?"

"मी जिंकलो. दुसऱ्या गेमला समोरच्या काकांच्या पोटरीत गोळा आला. अर्धा तास मीच चोळत हुतो."

टेनिस मी सत्ताविसाव्या वर्षी सुरू केलं. ज्या वयात आमच्या कराडजवळच्या मलकापुरात मुली नातेवाइकांच्या प्रश्नांपासून पळायला लागतात, त्या वयात मी बॉलच्या मागं पळायला लागले. दम दोन्हीकडं सारखाच लागतो. दिवसभर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाची गोडी मोजायची, आणि पहाटे कोर्टवर तिसरीतल्या पोरांकडून हरायचं. असं वर्षभर केल्यावर कोच म्हणाले, आता स्पर्धा खेळा. बहुतेक त्यांना माझी सकाळची जागा मोकळी करून हवी होती. स्पर्धेत 'प्रौढ नवशिके' असा गट होता. बायकांचा वेगळा होता, पण त्यात एकटी मीच. माझा अंतिम सामना माझ्याशीच लावता येईना, म्हणून संयोजक विश्वजित सरांनी मला पुरुषांत घातलं.

"मला फक्त एक मॅच जिंकायचीय," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक… त्याच्या त्या निर्विकार तोंडाकडं बघून खरं बोलावंसं वाटत होतं. "एकच. समोर माणूस उभा असताना."

"उद्या कोण हाय समोर?"

"कोणी जोतिबा म्हणून आहेत. जतचे. नावावरून पन्नाशीचे वाटतात. गुडघे गेलेले असले तर बरं."

त्यानं भडंग सावकाश चावला. "ऐकून हाय मी त्यांच्याबद्दल. लय बेकार खेळतात."

"खरंच? आणि तुमच्यासमोर?"

"प्रियदर्शनी म्हणून कोण तरी."

मी हातातला शेंगदाणा पुन्हा पुड्यात ठेवला.

"त्यांच्याबद्दल काय ऐकलंय?"

"न्हाई काय. पण नाव लांब हाय. टाळ्या वाजवताना लोकांची पंचाईत हुईल."

"आणि भिंतीवर कशा खेळतात?"

"भिंत जिंकली," तो म्हणाला.

मी उठले, बॉल घेतला, आणि वळून न बघता निघाले. म्हणजे एकदाच बघितलं. तो माझ्याकडं बघून हात हलवत होता… निदान मला तसं वाटलं. नीट पाहिलं तर तो माझ्या शेजारच्या नारळाच्या झाडाला हात हलवत होता.

---

संध्याकाळी मलकापूरच्या नाक्यावर एसटीतून उतरले आणि मला मी दिसले. आठ फूट बाय सहा फूट.

"आपल्या मलकापूरची वाघीण कु. प्रियदर्शनी हिची टेनिस स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत धडक! हार्दिक अभिनंदन!"

फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला, नथीसह. हातात कॉम्प्युटरवर चिकटवलेली रॅकेट… बॅडमिंटनची.

"अण्णा, काढा ते!" मी घरात शिरताच म्हणाले. "मी खेळलेच नाही. समोरचा आलाच नव्हता!"

आमचे अण्णा म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार लालासाहेब. आता गावोगावच्या कुस्ती मैदानात पंच म्हणून उभे राहतात. जगातली प्रत्येक गोष्ट ते कुस्तीच्या हिशेबानं समजून घेतात.

"आला न्हाई म्हंजे भ्याला," अण्णा म्हणाले. "पैलवान मैदानात उतरला आणि जोड फिरकला न्हाई, तर मान कुणाचा? उतरलेल्याचा. फ्लेक्स ऱ्हाईल."

"पण लोक हसतील!"

"मग उद्या जिंक. आपोआप हसायचे थांबत्याल. आमी सगळी येतोय."

त्या रात्री मला झोप लागली ती फ्लेक्समधल्या माझ्या चेहऱ्यासकट. खरी एक मॅच जिंकल्याशिवाय त्या नाक्यावरून मला मान वर करून जाता येणार नव्हतं. कारखान्याची बस तर रोज तिथेच थांबते.

---

रविवारी सकाळी क्लबच्या फाटकात टेम्पो शिरला. अण्णा, आई, रंगूबाई आत्या, काका, काकी, त्यांच्या शेजारचे, आणि शेवटी हलगीसह ज्ञानू. हलगीशिवाय कुस्ती होत नाही, तर टेनिस कसं होणार, हे अण्णांचं गणित.

ज्ञानूनं पहिला ठोका दिला आणि विश्वजित सर धावत आले.

"अहो, टेनिसला शांतता लागते!"

"मग पोरीला चेव कसा यायचा?" अण्णांनी विचारलं.

बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की खेळाडू बाजू बदलतील तेवढ्याच वेळात हलगी वाजवायची. ज्ञानूनं मान डोलावली आणि हात मांडीखाली दाबून बसला. त्याचा स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता.

नेटच्या पलीकडं निळ्या पिशवीवाला उभा होता.

"गुडघे ठीक हायत," त्यानं सांगितलं.

सरांनी नियम सांगितले. सहा गेमचा एकच सेट. पंच नाही. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. "आणि शंका असेल तर आत धरायचा. प्रामाणिकपणे!"

मी सर्व्हिस केली. पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं, "बा… बा… बा…" आणि त्यानं बॉलच्या बराच आधी रॅकेट फिरवली. पुढच्या बॉललाही तेच. मला वाटलं, संकटात वडिलांना हाक मारतोय.

"कन्नड हाय," तो म्हणाला. "'बा' म्हंजे 'ये'. आमी मेंढरांना असंच बोलावतो."

"आणि येतात?"

"मेंढरं येतात."

मी जिंकत होते. कशी ते मला कळत नव्हतं, पण जिंकत होते. मी जोरात मारलेला बॉल फार लांब गेला असं वाटायचं, आणि तो पलीकडून हात वर करायचा. "आत!" तिरका गेला. "आत!" एक तर मला नक्की कुंपणाकडं जाताना दिसला. "आत, आत. भारी मारला."

चार-एक. बाजू बदलायची वेळ झाली. ज्ञानूनं हलगी अशी बडवली की झाडावरचे कावळे मिरजेकडं निघून गेले. मी त्याच्या बाजूला चालत आले आणि थांबले.

कोर्ट लाल मातीचं. बॉल पडला की मातीत वण उठतो. फक्कीच्या पांढऱ्या रेघेच्या पलीकडं, वीतभर बाहेर, माझ्या 'भारी मारलेल्या' बॉलचा वण होता. त्याच्या शेजारी आणखी एक. पुढं आणखी एक.

माझे कान तापले.

"जोतिबा, इकडे या."

तो आला.

"हा बॉल तुम्ही आत दिला?"

"कुठला?"

"हा!"

तो वाकला. मग आणखी वाकला. मग गुडघ्यावर बसला. "हां… असंल भाईर."

"असंल?" माझा आवाज चिरकला. "मी काल काय सांगितलं होतं तुम्हाला? समोर माणूस उभा असताना जिंकायचंय. माणसासारखे उभे राहा ना! देणगीदार कशाला होताय?"

"आवं, मी काय देत न्हाई. मला दिसतच न्हाई."

"काय दिसत नाही?"

"रेघ. बॉल कुठं पडला ते. पिवळं काय येतंय त्यो बॉल आणि निळं काय पळतंय त्या तुमी, एवढ्यावर चाललंय. सर म्हणाले, शंका असली तर आत धरा. मला सगळ्याचीच शंका हाय."

"चष्मा नाही का तुम्हाला?"

"हुता." त्यानं कानामागं खाजवलं. "काल नळावर तोंड धुताना काढून पिशवीच्या भाईरच्या कप्प्यात ठेवलेला…"

हलगी थांबली होती. कोर्टवर फार शांतता होती. टेनिसला लागते तशी.

"पिशवी म्हणाली होती, चालतंय!"

"पिशवीचं बरोबर हाय. तिला कुठं लागलं? मला तुमी गेल्यावर कळलं."

म्हणजे माझा पराक्रम असा होता : आदल्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचा चष्मा फोडायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला चार-एकनं हरवत आणायचं. मी सरांकडं धावले. म्हणाले, माझे गुण परत घ्या.

"झालेले गुण परत घेता येत नाहीत," सर म्हणाले. "ही स्पर्धा आहे, लग्नातला आहेर नाही."

पण तोवर अण्णा कोर्टवर उतरले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"आपल्या पोरीनं फोडला म्हंजे आपण द्यायचा," त्यांनी प्रेक्षकांकडं वळून हुकूम सोडला. "काढा रं चष्मे!"

टेम्पोभर माणसांनी चष्मे काढले. लष्करातल्या तपासणीसारखी रांग लागली, आणि जोतिबा एकेक चष्मा डोळ्याला लावून बघू लागला. अण्णांच्या चष्म्यातून त्याला नेट तिरकं दिसलं. काकांचा लावून तो माझ्याकडं वळला.

"यातनं तुमी दोन दिसताय."

"मग बरं की," मी म्हणाले.

"एकीचाच बॉल झेपंना मला."

शेवटी रंगूबाई आत्या आली. तिला शाळेत असल्यापासून लांबचं दिसत नाही. जांभळी फ्रेम, कडेला चमकीचे खडे, आणि गळ्यात अडकवायला मण्यांची साखळी. जोतिबानं तो चष्मा घातला, साखळी मानेमागं नीट केली.

त्यानं रेघ बघितली. नेट बघितलं. मग मला बघितलं. मी दोन वेळा इकडं तिकडं बघून परत आले तरी तो अजून मलाच बघत होता.

"दिसतंय का रं बाळा?" आत्यानं हवेत कुठंतरी बघत विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला. आवाज एकदम हळू झाला होता. "काल नीट बघितलंच नव्हतं… कोर्ट."

"कोर्ट तिकडं आहे," मी म्हणाले. हातातली रॅकेट मी उलटी धरली होती, हे मला नंतर कळलं.

आणि मग तो खेळायला लागला. 'बा, बा' म्हणायचा आणि बॉल खरंच त्याच्याकडं यायचा. मेंढरं वळवावीत तसा तो मला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात वळवत होता. जांभळ्या चष्म्याचे खडे उन्हात चमकायचे, साखळी हलायची. चार-दोन. चार-तीन. चार-चार.

"अक्का," अण्णा आत्याला म्हणाले, "चष्मा माघारी घे."

"आता कसा घिऊ? दिला की." आत्याला काही दिसत नव्हतं, पण ती आवाजावरून टाळ्या वाजवत होती. दोघांनाही.

माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. घसा कोरडा. आणि तरी, खरं सांगू… बरं वाटत होतं. प्रत्येक गुणासाठी रडावं लागत होतं, म्हणजे तो माझा होता. कसाबसा एक गेम मी काढला. पाच-चार. हलगी वाजली. बाजू बदलताना नेटजवळ आमचे खांदे लागायचे राहिले.

"दमलात?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मी लय दमलोय. पण चष्मा आत्याबाईंचा हाय, कमी पडून चालत न्हाई."

त्या गेममध्ये एक वेळ आली की आणखी एक गुण मिळाला, की मी जिंकणार. त्यानं सर्व्हिस केली, मी परतवली. त्यानं डावीकडं मारला, मी धावले. त्यानं उजवीकडं मारला, मी देवाचं नाव घेऊन रॅकेट घातली. बॉल उंच गेला. त्यानं तो माझ्या डोक्यावरून मागच्या रेघेकडं टोलवला. मी वळले. लाल धुरळा उठला.

"भाईर! भाईर!" टेम्पोतून आलेली सगळी माणसं एका सुरात ओरडली.

बाहेर असेल तर मी जिंकले होते. पण बॉल पडताना मी नीट पाहिलं नव्हतं. धुरळ्यातून नाक्यावरचा फ्लेक्स डोळ्यासमोर आला, नथ घातलेली मी, बॅडमिंटनच्या रॅकेटसह…

"आत," मी म्हणाले.

आईनं कपाळाला हात लावला.

"भाईर हुता," पलीकडून आवाज आला. जोतिबा नेटपाशी आला होता. "दिसला मला."

"माझ्या बाजूचा बॉल मी सांगणार. आत होता."

"माझा बॉल हाय, मला ठावं हाय. भाईर."

"तुम्ही परत दान करताय!"

"आता चष्मा हाय की माझ्याजवळ! आता कशाला दान करू?"

लोक टेनिसमध्ये भांडतात ते उलट दिशेनं, असं विश्वजित सर पुटपुटले. तेवढ्यात अण्णा पुढं आले. कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की नाही हे पाहायला पंच मातीत आडवा होतो. अण्णा तसेच मागच्या रेघेपाशी पोटावर आडवे झाले आणि त्यांनी गाल लाल मातीला टेकवला. एक डोळा मिटला. ज्ञानूनं हात आणखी आत दाबले.

अण्णांनी वणाच्या आणि रेघेच्या मधल्या मातीवर बोटं ठेवली. आधी एक. मग त्याच्या शेजारी दुसरं.

"दोन बोटं भाईर," ते म्हणाले. "फक्की शाबूत हाय."

सरांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. "सहा-चार. प्रियदर्शनी."

मी मटकन खाली बसले. जिंकल्याचा आनंद होता, पण त्याआधी दुसरंच काहीतरी आलं, हलकं, गार… की तो खरं बोलत होता. मला खूश करायला तो खोटं बोलत नव्हता. आधीही नाही, आत्ताही नाही.

त्यानं हात पुढं केला. मी तो धरून उठले आणि सोडायचं विसरले.

"समोर माणूस उभा हुता," तो म्हणाला. "मोजून घ्या."

"कोण जिंकलं?" आत्यानं विचारलं.

---

अण्णांनी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "तिसरी फेरी कर… फोटू त्योच ठेव… रॅकेट बदल म्हणतीया पोरगी, बदल." मला आता नाक्याची भीती वाटत नव्हती. फोटोतल्या नथीची थोडी वाटत होती.

जोतिबा चष्मा काढायला लागला तेव्हा आत्यानं त्याचा हात धरला. "आन् घरी कसा जाशील?"

"एसटी हाय. पण उद्या सकाळी एका बैलाला सुई टोचायचीय." तो जतला जनावरांचा डॉक्टर होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. "चष्म्याबिगर कुणाला टोचीन, सांगता येत न्हाई."

"आज रविवार, सगळी दुकानं बंद," अण्णा म्हणाले. "पण माझ्या पलटणीतला एकजण कराडात चष्म्याचं दुकान चालवतोय. उघड म्हटलं की उघडंल. चला."

कराड पश्चिमेला आणि जत पूर्वेला. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही.

टेम्पोत माणसं चढली. जोतिबा खालीच घुटमळला. पिशवी एका हातात, जांभळा चष्मा डोळ्यावर… मी वरून हात पुढं केला.

"बा," मी म्हणाले.

तो आला. माझ्यासमोरच्या फळीवर बसला.

टेम्पो सुटला आणि ज्ञानूनं सकाळपासून साठवलेली सगळी हलगी बाहेर काढली. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या होत्या, कापलेल्या उसाचा गोड वास होता. दिवसभर मी ती गोडी मोजते. त्या दिवशी माझ्याकडं यंत्र नव्हतं. जोतिबाचे ओठ हलले.

"काय?" मी ओरडले.

पुन्हा हलले. हलगी तापलेली.

"ऐकू येत नाही!"

त्यानं पुढं वाकून, छाती भरून, ओरडून सांगितलं. त्याच क्षणी समोर ट्रॉली आडवी आली, टेम्पोनं ब्रेक मारला आणि ज्ञानूचा हात हवेत राहिला.

"मला तुमी लय आवडता!"

ट्रॉली फार हळू गेली. जांभळ्या चष्म्यामागं त्याचे कान लाल झाले होते, पण चेहरा तसाच. निर्विकार.

"कोण बोललं?" आत्यानं विचारलं.

अण्णांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. गालावर अजून कोर्टची लाल माती होती.

"काय गं? आत का भाईर?"

शंका असली तर आत धरायचा, असा नियम आहे. मला शंका नव्हती.

"आत," मी म्हणाले. यावेळी आई हसली.

जोतिबा उठला, तोल सावरत पिशवी उचलली आणि समोरची फळी सोडून माझ्या शेजारी येऊन बसला.

ज्ञानूचा हात अजून हवेतच होता. "आता वाजवू का?" त्यानं विचारलं.

"वाजव की," अण्णा म्हणाले. "बाजू बदलली न्हवं."